गोळी घेतली, तरी जंत परत कसे आले?

मागच्या अंकात पोटाच्या तक्रारींबद्दल लिहा म्हटलं होतं, तर आलेल्या पत्रांत जंतांचीच पत्रं इतकी निघाली की या वेळी दुसरं काही घेतच नाहीये. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक गोष्ट दिसली, ती म्हणजे ‘जंताची गोळी’ ही एकच काहीतरी गोळी असते असं सगळे धरून चालतात. पण पोटातला जंत कुठला आहे त्यावर गोळी कुठली, किती, किती वेळा हे सगळं ठरतं, आणि तेच न बघितल्यामुळे यातल्या निम्म्या लोकांना त्रास झालाय. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी पाच वर्षांची आहे. रात्री झोपेत शीच्या जागी खूप खाजवायची, एकदा टॉर्च लावून बघितलं तर सुतासारखे पांढरे बारीक जंत दिसले. डॉक्टरांनी अल्बेंडाझोल दिलं, एका रात्रीत फरक पडला म्हणून मी दुसऱ्या डोसचं मनावर घेतलं नाही. आता पाच-सहा आठवड्यांनी परत तेच सुरू झालंय. गोळी नकली होती का? आणि डॉक्टर आता म्हणतायत घरातल्या सगळ्यांनी घ्या, आम्हाला तर काहीच होत नाहीये.

उत्तर : ताई, गोळीत काही खोट नसावी. तुम्ही जो दुसरा डोस सोडलात ना, सगळं त्याच्यातच आहे. हे सूतकृमी, काही जण पिनवर्म म्हणतात. यांची मादी जेमतेम एक सेंटीमीटरची असते पण रात्री मूल झोपलं की बाहेर येऊन शीच्या जागेभोवतीच्या कातडीवर दहा हजारांच्या आसपास अंडी घालते, त्याचीच ती खाज. आता औषध काय करतं, तर पोटातले जिवंत जंत मारतं. अंड्यांना ते काहीही करत नाही. आणि ती अंडी तोपर्यंत मुलीच्या नखात, चड्डीत, चादरीवर, खेळण्यांवर जाऊन बसलेली असतात, घातल्यापासून चार ते सहा तासांत ती पोटात गेल्यास जंत व्हायला तयार होतात आणि घरात दोन-तीन आठवडे टिकतात. म्हणजे गोळी घेतली त्या रात्री पोट साफ झालं असेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बोट तोंडात घातलं की नवीन हप्ता आत! अंडं गिळल्यापासून नवी मादी अंडी घालायला लागेपर्यंत साधारण एक महिना जातो. तुमचे पाच-सहा आठवडे बघा, हिशोब बरोबर जुळतो.

दुसरा डोस दोन आठवड्यांनी देतात तो याच्यासाठीच. मधल्या काळात जे नवीन जंत पोटात तयार झाले ते अंडी घालण्याइतके मोठे व्हायच्या आत गाठायचे. हा डोस पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, खाज थांबली म्हणून तो सोडायचा नाही, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला कागदावर तारीख लिहून देते कारण दोन आठवड्यांनी कुणाच्याच लक्षात राहत नाही आणि त्यात आईची चूक नसते, मूल छान झोपायला लागलेलं असतं ना.

घरातल्यांबद्दल तुमचे डॉक्टर अगदी बरोबर सांगतायत. मोठ्या माणसांत बऱ्याचदा काहीच लक्षण नसतं, पण जंत असतात आणि अंडीही पडत असतात, त्यामुळे एकाच दिवशी सगळ्यांनी पहिला डोस आणि एकाच दिवशी सगळ्यांनी दुसरा. फक्त घरात कुणी गरोदर असेल, एक वर्षाच्या आतलं बाळ असेल किंवा कुणाला लिव्हरचा त्रास असेल तर त्यांचं वेगळं विचारायचं. सोबत दोन आठवडे नखं बारीक कापलेली, सकाळी उठल्याउठल्या आंघोळ कारण रात्रीची अंडी तिथेच असतात, चड्डी रोज बदलायची, चादरी गरम पाण्यात धुवायच्या आणि धुण्याआधी झटकायच्या नाहीत, झटकल्या की अंडी हवेत उडतात. मुलीला ओरडू नका हं, घाणेरडेपणाचा याच्याशी काही संबंध नाही, अगदी टापटीप घरातल्या मुलांनाही होतात. आणि तिला लघवी करताना जळजळ होतेय का तेही बघा, मुलींमध्ये हे जंत पुढच्या जागेत जातात आणि मग लघवीच्या इन्फेक्शनची औषधं दिली तरी बरं वाटत नाही.

एक सांगायचं राहिलं. हे जंत शीच्या साध्या तपासणीत बहुतेक वेळा सापडतच नाहीत. तीन दिवस सकाळी धुवायच्या आधी पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबून ती काचेवर लावून लॅबला द्यायची, त्यात अंडी दिसतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरी परत गेलेली कितीतरी मुलं मी बघितलीत, तपासणीच चुकीची केलेली असायची.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा आहे. शीच्या तपासणीत गोल जंतांची अंडी निघाली, ४०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली. आठ दिवस रोज बघतोय, एकही जंत पडलेला दिसला नाही. मग गोळी लागू पडली नाही असं समजायचं का? अजून एक घेऊन टाकू?

उत्तर : नका घेऊ अजून. जंत पडताना दिसलाच पाहिजे असं काही नाही. अल्बेंडाझोल आणि मेबेंडाझोल ही औषधं जंताला उपाशी मारतात. जंताच्या पेशींत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक नळ्या असतात, औषध त्या प्रथिनाला चिकटतं, नळ्या बनायच्या थांबतात आणि जंताला साखर ओढून घेता येत नाही. साठवलेली ताकद संपेपर्यंत त्याला काही दिवस लागतात, मग तो हळूहळू मरतो. कधी आख्खा पडतो, कधी आतच विरघळून जातो आणि तुम्हाला कळतही नाही. पायरँटेल नावाचं दुसरं औषध वेगळं, ते जंताचे स्नायू आखडून टाकतं, मग त्याला आतड्यात धरून राहता येत नाही आणि तो शीबरोबर बाहेर ढकलला जातो, त्यात मात्र जिवंत जंत पडलेले लोकांना दिसतात. गोळी लागू पडली का हे कळायला शी परत तपासायची, डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण दोन-तीन आठवड्यांनी. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, त्यामुळे ती आत शिल्लक असेल तर तपासणीत सहसा लपत नाही.

मोठा जंत पडलाच तर घाबरू नका एवढं आधीच सांगून ठेवते, १५ ते ३५ सेंटीमीटर लांब असतो आणि बघणाऱ्याची बोबडी वळते. पण एक गोष्ट खरंच घाबरण्यासारखी आहे : पोट फुगलंय, जोरात दुखतंय, हिरव्या उलट्या होतायत, शी आणि गॅस दोन्ही बंद, अशा वेळी जंताची गोळी घरी घ्यायची नाही. खूप जंत असले तर त्यांचा गुंता होऊन आतडं अडकतं, विशेषतः लहान मुलांत. तेव्हा सरळ हॉस्पिटल.

प्रश्न : पाळी चुकली होती पण मला वाटलं टेन्शनमुळे असेल. त्याच आठवड्यात पोटाच्या त्रासासाठी अल्बेंडाझोलची एक गोळी घेतली आणि पाच दिवसांनी टेस्ट पॉझिटिव्ह आली. घरातले म्हणतायत बाळात दोष येणार, पाडून टाक. मला रात्री झोप लागत नाही. खरं सांगा.

उत्तर : बाई गं, आधी शांत हो. खरंच सांगते. अल्बेंडाझोल आणि मेबेंडाझोल पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत हे बरोबर आहे, प्राण्यांवरच्या प्रयोगांत मोठ्या डोसने गर्भात दोष आले होते म्हणून ती काळजी घेतात. पण चुकून, माहीत नसताना एक डोस गेलेल्या बायकांची जी माहिती आहे तिच्यात बाळांमध्ये दोषांचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही. एका गोळीसाठी गर्भ पाडायचं काहीही कारण नाही, आणि हे मी तुला धीर द्यायचा म्हणून बोलत नाहीये. गोळीचं नाव, ताकद आणि तारीख लिहून तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव, ठरलेल्या सोनोग्राफी वेळेवर कर. आता पुढे जंतांचं काही निघालंच तर चौथ्या महिन्यानंतर त्यांच्या सल्ल्याने औषध घेता येतं, अंकुशकृमींमुळे, म्हणजे आतड्याला चावून रक्त पिणाऱ्या जंतांमुळे, रक्त कमी होत असेल तर तेव्हा ते घेणं फायद्याचंच असतं.

बाकी वाचणाऱ्या सगळ्यांसाठी, पाळी पुढे गेलेली असेल तर आधी टेस्ट आणि मग गोळी. जी बाई बाळासाठी प्रयत्न करतेय तिने तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

प्रश्न : वय ४१. गेले दोन महिने शीमध्ये चपट्या पांढऱ्या फितीचे तुकडे दिसतात, कधीकधी हलतात पण. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी जंतांचं औषध द्यायच्या आधी मला विचारलं की कधी फिट आली होती का, डोकं दुखतं का, आणि डोक्याचा स्कॅन करू म्हणाले! पोटातल्या जंतासाठी डोक्याचा स्कॅन, हे बिल वाढवायचे धंदे आहेत का?

उत्तर : नाही हो, तुमचे डॉक्टर काळजीपूर्वक काम करणारे आहेत, त्यांना सोडू नका. तुम्ही सांगताय तो फितीसारखा जंत, टेपवर्म. अर्धवट शिजलेल्या मांसातून येतो आणि त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत, एक गाईबैलांच्या मांसातून येणारा, दुसरा डुकराच्या. पहिला तसा फक्त आतड्यातच राहतो. दुसऱ्याचा घोळ असा आहे की त्या जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली, म्हणजे स्वतःच्याच हातावरून तोंडात गेली तरी, तर अळ्या रक्तातून मेंदूत जाऊन तिथे छोट्या गाठी करून बसतात. वर्षानुवर्षं काहीच त्रास होत नाही. फिट्स येण्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता तुम्हाला द्यायचं औषध बहुधा प्राझिक्वांटेल. आतड्यातल्या जंतासाठी किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम असा एकच डोस पुरतो, जंताच्या स्नायूत कॅल्शियम घुसतं, तो आखडतो आणि सुटून पडतो. पण हे औषध रक्तात शोषलं जातं आणि मेंदूपर्यंत पोचतं. तिथे तुम्हाला माहीत नसलेल्या गाठी असतील तर त्या मरायला लागतात, आजूबाजूला सूज येते आणि आयुष्यात कधी न आलेली फिट त्या दिवशी येऊ शकते. म्हणून तो प्रश्न आणि म्हणून तो स्कॅन. अल्बेंडाझोललाही हीच गोष्ट लागू आहे. जिथे शंका असते तिथे निक्लोसामाइड मिळत असेल तर ते देतात कारण ते आतड्यातून जवळजवळ शोषलंच जात नाही, पोटातल्या जंताला मारतं आणि तिथेच थांबतं. गाठी निघाल्याच तर त्यांचा इलाज वेगळा, कित्येक दिवस अल्बेंडाझोल, आधी आणि सोबत सूज कमी करणारं स्टेरॉइड, आणि फिट्सची गोळी.

फिट्सच्या गोळ्यांवरून आठवलं, फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन चालू असलेल्यांच्या शरीरात ही औषधं लवकर मोडली जातात आणि कमी पडतात, तर ते डॉक्टरांना आधीच सांगायचं. आणि शी झाल्यावर साबणाने हात अगदी नीट धुवा, तुमच्यासाठीही आणि घरच्यांसाठीही. औषधानंतर एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी शी परत तपासून घ्या, डोकं आत राहिलं तर तो जंत परत वाढतो.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६७) सांध्यांसाठी स्टेरॉइड सुरू करायचंय. रक्तात इओसिनोफिल वाढलेले निघाले म्हणून डॉक्टर थांबले आणि स्ट्राँगिलॉइड्स नावाच्या जंताची टेस्ट करायला सांगितली. वडिलांना पोटाचा काहीच त्रास नाही. दर वर्षी जंताची गोळी घेतात. मग कशाला?

उत्तर : या पत्राने मला खूप बरं वाटलं, कारण इओसिनोफिल, म्हणजे जंत असले की बऱ्याचदा वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेल्या बघून इथे डॉक्टर थांबले. हे न थांबल्यामुळे गेलेला एक पेशंट मी निवासी डॉक्टर असताना बघितलाय आणि तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

बाकीच्या जंतांची अंडी बाहेर पडतात, मातीत किंवा कुठेतरी पिकतात आणि मग परत माणसात येतात. हा जंत तसा नाही. याच्या काही अळ्या बाहेर न जाताच आतड्याच्या भिंतीतून किंवा शीच्या जागेच्या कातडीतून परत त्याच माणसात शिरतात. त्यामुळे लहानपणी एकदा अनवाणी मातीतून आत आलेला जंत पन्नास वर्षांनीही त्याच माणसात सापडू शकतो, पिढ्यान् पिढ्या आतच. शरीराची प्रतिकारशक्ती त्याला ताब्यात ठेवते तोवर त्रास नसतो किंवा कधीतरी खाज, कधी पोटात जळजळ एवढंच. स्टेरॉइड दिलं की तो ताबा सुटतो, अळ्या बेसुमार वाढतात, फुप्फुसात, मेंदूत जातात, जाताना आतड्यातले जिवाणू रक्तात ओढून नेतात आणि मग माणूस वाचवणं फार अवघड होतं.

काका दर वर्षी गोळी घेतात ती बहुतेक अल्बेंडाझोलची एक गोळी असणार. ती गोल जंताला चांगली, याला नाही. याच्यासाठी पहिलं औषध आयव्हरमेक्टिन, वजनाच्या किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम, उपाशीपोटी पाण्याबरोबर, एक किंवा दोन दिवस. आयव्हरमेक्टिन ज्यांच्या कामातून आलं त्या विल्यम कँपबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ साली नोबेल मिळालं, मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळालेलं औषध आहे, मला तरी ही गोष्ट दर वेळी सांगावीशी वाटते, की जो जंत मातीतून येतो त्याचं औषध मातीतच निघालं.

टेस्ट शक्यतो रक्ताची करा, शीमध्ये याच्या अळ्या कमी असतात आणि एका तपासणीत बऱ्याचदा सापडत नाहीत. स्टेरॉइडची घाई असेल तर रिपोर्टची वाट न बघता आधी आयव्हरमेक्टिन देऊन टाकतात, तेही योग्यच आहे. आणि कृपा करून जनावरांसाठीचं आयव्हरमेक्टिन माणसाने घ्यायचं नाही, त्याची ताकद जनावराच्या वजनाप्रमाणे असते, या विषयावर अजून दोन पत्रं आली होती त्यांनाही हेच उत्तर.

प्रश्न : बहिणीचं हिमोग्लोबिन ७ होतं, शीमध्ये अंकुशकृमी निघाले. गोळी दिली, जंत गेले, रिपोर्ट क्लिअर. पण दीड महिना झाला तरी थकवा तसाच. अजून जंत असतील का?

उत्तर : जंत गेले असतील, रक्त कुठे भरलंय अजून? अंकुशकृमी आतड्याला चावून रक्त पितात, मोठ्या जातीचा एक जंत दिवसाला ०.१५ ते ०.२ मिलीलिटरपर्यंत. ऐकायला काहीच वाटत नाही, पण असे शंभर असले तर दिवसाला १५-२० मिलीलिटर झालं आणि त्यातून जेवढं लोह जातं तेवढं शरीर रोजच्या जेवणातून भरूच शकत नाही. गोळीने गळती बंद केली, टाकी रिकामीच आहे. तिला लोहाच्या गोळ्या दिल्यायत का ते आधी बघा, पत्रात कुठेच उल्लेख नाही! हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही अजून तीन महिने त्या चालू ठेवायच्या, साठा भरायला. पुरेशा दिवस घेऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नसेल तर मग दुसरं कारण शोधायचं, पाळीत जास्त जातंय का वगैरे.

याच पत्रात खाली विचारलंय की भाच्याला चाबूककृमी निघाले आणि एका गोळीने गेले नाहीत. नाहीच जात बऱ्याचदा. अल्बेंडाझोलच्या एका डोसने चाबूककृमी पूर्ण जाणारे तीनात साधारण एकच असतात, त्यांचं डोकं आतड्याच्या आवरणात रुतलेलं असतं. तीन दिवसांचा कोर्स द्यावा लागतो, कधी सोबत दुसरं औषधही. तुमच्या डॉक्टरांना रिपोर्टवरचं जंताचं नाव दाखवून विचारा.

प्रश्न : दर महिन्याला ‘पोट साफ’ म्हणून जंताची गोळी घेतली तर चालते का? एका व्हिडिओत सांगितलं होतं. तीन महिने घेतोय, आता केस गळतायत.

उत्तर : बंद करा. जंत आहेत का हे न बघता दर महिन्याला घ्यायचं हे औषध नाही. अल्बेंडाझोल जास्त दिवस पोटात गेलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात आणि केस गळतात, ते औषध थांबवल्यावर परत येतात. मेंदूतल्या वगैरे गाठींसाठी जे लोक हे औषध आठवडेच्या आठवडे घेतात त्यांचं आम्ही दर दोन आठवड्यांनी रक्त तपासतो, तुमचं तर कुणीच बघत नाहीये. एकदा सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि लिव्हरची टेस्ट करा. आणि तुम्ही लिहिलंय की गोळी तेलकट जेवणावर घेता, व्हिडिओवाल्याने सांगितलं म्हणून, तर स्निग्ध जेवणाबरोबर हे औषध रक्तात पाचपटीपर्यंत जास्त शोषलं जातं. मेंदूतल्या किंवा लिव्हरमधल्या गाठींसाठी आम्हाला तेच हवं असतं. आतड्यातल्या जंतासाठी औषध आतड्यात राहिलेलं बरं, त्यामुळे तुम्ही गरज नसलेलं औषध वर पाचपट शोषून घेत होतात.

ज्या भागात खूप लोकांना जंत असतात तिथे मुलांना वर्षातून एक-दोनदा तपासणी न करता गोळी देतात, ती वेगळी गोष्ट आहे आणि चांगली आहे, जगात दीडशे कोटींच्या आसपास लोकांना मातीतून येणारे जंत आहेत आणि प्रत्येकाची शी तपासत बसणं शक्य नाही. पण ते वर्षाचं गणित आहे, महिन्याचं नाही.

प्रश्न : दीड वर्षाच्या बाळाला गोळी कशी द्यायची? गिळत नाही, रडतं, नाक दाबून द्यावी का?

उत्तर : नाक अजिबात दाबायचं नाही, रडताना तोंडात गोळी तर मुळीच घालायची नाही, ती श्वासनलिकेत जाते आणि मुलं गुदमरून गेलेली आहेत. या वयात अल्बेंडाझोलच्या ४०० च्या गोळीची अर्धी म्हणजे २०० मिलिग्रॅम असा डोस असतो, तोही डॉक्टरांनी सांगितल्यावर. सिरप मिळालं तर उत्तम. नाहीतर गोळी दोन चमच्यांमध्ये ठेचून पार पूड करायची, थोड्या पाण्यात कालवायची, बाळाला मांडीवर सरळ बसवायचं आणि शांत असताना चमच्याने थोडं थोडं द्यायचं. रडायला लागलं तर थांबा, तासाभराने द्या, उद्या द्या, एक दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही. दिल्यावर लगेच उलटी झाली तर आपल्या मनाने परत डोस देऊ नका, फोन करून विचारा.